कामरगावात टुलिप

फ्रीजच्या खालच्या खणात मी टुलिपचे कंद ठेवले होते आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं होतं, त्या खणाला हात लावाल तर याद राखा. आता घरात येणारं-जाणारं होतं तरी कोण? मुलगा पुण्यात नोकरीला. नवरा जाऊन वर्ष उलटलेलं. उरली समोरच्या घरातली माझी मैत्रीण, जी माझ्या घरात दार न वाजवता शिरते आणि स्वतःच्या हातानं चहा मांडून मलाही देते. म्हणजे बजावलं होतं ते तिलाच.

आणि हात लावला तोही तिनंच.

तिचा फ्रीज बिघडला होता. आमच्या गावात फ्रीज बिघडला की माणूस कारंज्याहून येतो, आणि तो 'उद्या येतो' म्हणाला की तो उद्या कधी उजाडेल ते त्यालाच ठाऊक. तेवढ्यात तिच्या माहेरून टोपलंभर सीताफळं आली, पिकायला लागलेली. मी त्या दिवशी बाजाराला गेले होते. परत येऊन पाणी प्यायला फ्रीज उघडला, तर आतून सीताफळाचा घमघमाट. खालच्या खणात, माझ्या कंदांच्या अंगाला अंग लावून, तिनं सगळी सीताफळं नीट रचून ठेवली होती. माझं डोकंच सरकलं.

पिकत्या फळातून एक वायू सुटतो. तो कंदाला लागला की आतली कळी आतल्या आत मरते. पानं येतात, फूल येत नाही. हे मी फोनवर इतक्या वेळा वाचलं होतं की मला पाठ झालं होतं. मी ती सीताफळं पिशवीत भरली आणि तशीच तिच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"तुले सांगतलं होतं ना, खालच्या खणात काई ठेवू नको म्हून?"

"अवं, जागा होती तं ठेवले. कांद्याले कायचा त्रास होते वं सीताफळाचा?"

"कांदे नाई ते. फुलं हायेत."

"मले तं नाई दिसली फुलं," ती म्हणाली, आणि पिशवीतलं एक सीताफळ काढून, फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. तिचं हे असं. तिच्याशी भांडायला गेलेला माणूस काहीतरी खाऊनच परत येतो. मी ते खाल्लं आणि रागातच घरी आले.

आमची दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यातली. ती समोरच्या घरात सून म्हणून आली, मी इकडच्या. तेव्हापासून दर संक्रांतीला आमचं हळदीकुंकू एकाच दिवशी असायचं. आधी तिच्या घरी, मग बायका रस्ता ओलांडून माझ्याकडे. सतरंजी तिची, तिळगूळ माझा. कोणतं वाण लुटायचं यावरून आमची आठ-आठ दिवस वादावादी चालायची. तिला डब्या आवडायच्या, मला रोपं. एका वर्षी मी सगळ्या बायकांना तुळशीची रोपं दिली, तर म्हणाली, "एवढी तुळस लावाले आंगन कोनाजोळ हाये?"

मग नवरा गेला. त्यानंतरची पहिली संक्रांत आली तेव्हा वर्ष व्हायचं होतं, म्हणून कोणी बोलावलं नाही आणि मीही मनावर घेतलं नाही. पण आता वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. आता ती काय करते, हे मला पाहायचं होतं. टिकली मी सोडली नव्हती. त्याबद्दल माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पाठीमागे बोललं असेल तर बोलो. पण टिकली दुकानात मिळते. कुंकू दुसरीच्या हातून लागावं लागतं, आणि मला ते तिच्या हातून हवं होतं. इतकी साधी गोष्ट होती. ती मी तोंडानं मागणार नव्हते, कारण मागून मिळालेलं बोलावणं मला नको होतं. ते तिनं आपणहून आणावं, नेहमीसारखं माझ्या दारात यावं, 'चाल वं' म्हणावं, एवढंच. दिवाळीपासून माझ्या डोक्यात हे घोळत होतं.

आमच्याकडे 'गमत नाही' म्हणतात. मला त्या हिवाळ्यात काही केल्या गमत नव्हतं. टीव्ही लावायचा आणि बंद करायचा. भाजी निवडायला घ्यायची आणि अर्धी टाकून बाहेर ओट्यावर यायचं. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, कायले एवढी परेशान होतं? पुण्याले ये." पुण्याला जाऊन मी काय करणार होते? त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून दुसऱ्यांच्या बाल्कन्या पाहणार?

टुलिपचं खूळ कुठून आलं, तेही सांगते. माझ्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, बसस्टँडजवळ. त्यात मागे एक पडदा होता, रंगवलेला: बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि पुढे लाल टुलिपच्या रांगा. नवीन लग्न झालेलं प्रत्येक जोडपं त्या पडद्यापुढे उभं राहायचं. शिरपूरला देवदर्शनाला गेलेली माणसं येता-येता आमच्याकडे उतरून काश्मीरचा फोटो काढून जायची. मी दुपारी स्टुडिओत मदतीला असायचे, दिवे सरकवायचे, बायकांचे पदर नीट करायचे, रडक्या लेकरांना खुळखुळा दाखवायचे. कॅमेरा मी तिथंच शिकले, नवऱ्याच्या शिव्या खात. तो गेल्यावर स्टुडिओची जागा सोडली. पडदा उंदरांनी कुरतडला होता, तो मी टाकून दिला. कॅमेरा ठेवला. आणि एक दिवस फोनवर काहीतरी शोधता-शोधता टुलिपचे कंद विकायला दिसले, तेव्हा वाटलं, एवढी माणसं आपण खोट्या टुलिपपुढे उभी केली, एक तरी खरं पाहावं. मागवून टाकले.

टुलिपला थंडी लागते. कंदाला काही आठवडे हिवाळा भोगावा लागतो, तेव्हा कुठे त्याच्या मनात फुलायचं येतं. आमच्याकडे हिवाळा असतो तो रात्रीचा. दुपारी ऊन असं की स्वेटर घालून बाहेर पडलेला माणूस दोन गल्ल्यांत तो काढून खांद्यावर टाकतो. म्हणून हा फ्रीजचा खटाटोप. लाइन गेली की मी फ्रीजचं दार कोणाला उघडू द्यायचे नाही, स्वतःलाही नाही. लाइन येईपर्यंत दहादा ओट्यावर येऊन विजेच्या खांबाकडे पाहायचे. समोरून ती ओरडायची, "कायले पाह्यतं? तुया पाह्यल्यानं येते का लाइन?"

लावायची वेळ आली तेव्हा मातीचा घोळ. आमची माती काळी, कसदार, पण पाणी पिऊन बसली की सोडत नाही. कंद त्यात सडणार. म्हणून अर्धी रेती, थोडं कुजलेलं शेणखत, नारळाचा भुसा, असं सगळं कालवलं. कुंड्या उत्तरेच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवल्या, जिथं ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. मडक्यातलं गार पाणी घालायचे. दुपार तापली की मातीवर बर्फाचे खडे ठेवायचे. ती एकदा आली आणि कुंडीत बर्फ पाहून कितीतरी वेळ हसत राहिली.

"सरबत पाजून राह्यली का त्याइले?"

"पाजीन. तुले काय करा लागते?"

"मंग निंबू बी पिळ," म्हणाली आणि माझ्याच टाकीवर बसून डोळे पुसत हसली. त्या दिवशी मला वाटलं, काही बदललेलं नाही, संक्रांतीला ही येणार. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात भांड्यावाली उभी होती, ही डझनावारी डब्या निवडत होती, आणि मला ओट्यावर पाहूनही तिनं हाक मारली नाही. डब्या कोणत्या घ्यायच्या यावर एवढी वर्षं माझ्याशी वाद घालणारी बाई. मी आत जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

मातीतून हिरवी टोकं वर आली तेव्हा मला झोपेचं सोंगही जमेना. उजाडलं की कुंड्यांपाशी. चहाचा कप घेऊन कुंड्यांपाशी. पानं रुंद, जाड, राख फासल्यासारखी निळसर हिरवी. गावात असं पान कोणी पाहिलेलं नव्हतं. वांदरांनी मात्र पाहिलं. आमच्याकडे वांदरांची टोळी हिवाळ्यात गावात उतरते, हरभऱ्याचं शेत आणि माणसाचं आंगण यात त्यांना फरक वाटत नाही. एक हुप्प्या टाकीवर बसून माझ्या कुंडीतलं पान शांतपणे चावत होता, चव घेत घेत. मी काठी घेऊन धावले, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच आगंतुक. त्या दिवसापासून मी कुंड्यांवर कोंबड्यांचा खुराडा उलटा घालून ठेवू लागले आणि त्यावर विटा.

मग पानांच्या मध्ये कळ्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या त्या चार कुंड्यांत. बाकीच्या कुंड्यांत नुसती पानं, मध्ये बोट घालून चाचपलं तर पोकळ. सीताफळांनी आपलं काम केलं होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्या रिकाम्या कुंड्या उचलून तिच्या ओट्यावर रांगेत नेऊन ठेवल्या. ती बाहेर आली, कुंड्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं.

"हे घे तुये सीताफळं," मी म्हटलं.

ती हसली नाही. "खरंच मेल्या का वं कळ्या?" असं विचारलं तिनं, इतक्या हळू की माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मग ती म्हणाली, "पानं तं चांगले हायेत. राहू दे माया इथं." आणि तिनं त्या कुंड्या ठेवून घेतल्या. रोज पाणी घालायची त्यांना. फूल येणार नाही हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी घालायची.

संक्रांत येऊन गेली. गावभर हळदीकुंकवं सुरू झाली. रथसप्तमीपर्यंत रोज कुठे ना कुठे असतंच. आमच्या गल्लीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर बोलावण्यांवर बोलावणी येऊन पडत होती, फुलांची चित्रं, हात जोडलेले, 'सर्व सख्यांनी अवश्य यावे'. मी त्या ग्रुपात होतेच, मला कोणी काढलं नव्हतं. पण ग्रुपवरचं बोलावणं सगळ्यांना असतं, म्हणजे कोणालाच नसतं. खरं बोलावणं दारात येतं, करंडा घेऊन. गल्लीत करंडा फिरायचा तेव्हा मी मुद्दाम परसात असायचे, कुंड्यांपाशी. परसात असलं की कोणी टाळून गेलं का, ते दिसत नाही.

तिच्या घरी ह्या वर्षी मोठं हळदीकुंकू होणार होतं. तिच्या मुलाचं लग्न झालेलं, सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, आसेगावहून मैत्रिणीची नणंद येणार. हे सगळं मला कळत होतं ते रस्त्यापलीकडून, फोनवरच्या तिच्या मोठ्या आवाजातून. मला तिनं काही सांगितलं नव्हतं.

अशात पहिली कळी रंगली. आधी हिरवी, मग हिरव्यातून पिवळसर, मग एका सकाळी कडेकडेनं लाल. मी कॅमेरा काढला, पुसला, बॅटरी चार्ज केली. टुलिप सकाळी मिटलेलं असतं. ऊन अंगावर आलं की हळूहळू उघडतं आणि संध्याकाळी पुन्हा मिटतं. म्हणजे दिवसभर ते एक फूल नसतंच, दर तासाला वेगळं. ते जसं हवं तसं फक्त थोडा वेळ असतं, पाकळ्या सैल झालेल्या पण पसरलेल्या नाहीत, आणि तेवढ्या वेळात आमचं ऊन तिरपं असायला हवं. त्या वेळेला नेमका दूधवाला यायचा. नाहीतर वारा सुटायचा. नाहीतर टाकीचा नळ यायचा आणि टाकी भरून ओसंडायची. कुठं ना कुठं माशी शिंकायचीच.

लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, हेही मला नव्यानं कळलं. डोळ्याला पाकळीवरची प्रत्येक शीर दिसायची, फोटोत मात्र लाल रंगाचा नुसता थापा. मग उजेड कमी घेतला. मागे भिंत भकास दिसायची, म्हणून कपाट उघडलं आणि माझी संक्रांतीची काळी चंद्रकळा काढली, दोरीवर टाकून कुंडीच्या मागे ताणली. दोन वर्षांची घडी होती तिला. काळ्यावर ते लाल असं उठलं की मी कॅमेरा खाली ठेवून नुसती पाहत राहिले. मग काढले फोटो, एकामागून एक, ऊन डोक्यावर येईपर्यंत. त्यातला एक मुलाला पाठवला. त्यानं विचारलं, "हे कुठून डाउनलोड केलं?" मी फोनच ठेवला.

एक फोटो मी ग्रुपवरही टाकला. का टाकला, ते मला पक्कं माहीत आहे. मी इथं आहे, हे त्यांना दिसावं म्हणून.

दुपारपर्यंत परसात बायकाच बायका. ज्या बायकांच्या पायांना महिनाभर माझं दार सापडत नव्हतं, त्यांना परसात जायचा रस्ता बरोबर सापडला. कुंडीला खेटून, गाल फुलाला लावून, सगळ्यांचे फोटो. "एक माया मोबाइलमधे बी काढ ना वं." काढले मी. आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झाला. घर गजबजलं होतं. मी सगळ्यांना चहा केला, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी सांगत होते, वाकू नका, देठ मोडेल.

ती सगळ्यांत शेवटी आली, बायका गेल्यावर. कुंडीपाशी उकिडवी बसली, फुलात डोकावून पाहिलं. आतलं काळं, पिवळं सगळं नीट पाहिलं.

"तवा मेल्या त्या कळ्या बी अशाच राह्यल्या असत्या," म्हणाली.

"हो."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "परवा माया घरी हाये. सून नवीन, पयली संक्रांत, सगळं नीट व्हावं असं वाटते. तू ह्या कुंड्या देशीन का? अन् कॅमेरा घेऊन येजो. तुयासारखे फोटो कोन काढते गावात?"

येजो, म्हणाली ती. मी तेवढंच ऐकलं. मी म्हटलं, "येतो ना." आणि ती गेल्यावर एकटीच परसात येरझाऱ्या घालत राहिले. दोन दिवस मी त्या कुंड्या सकाळी उन्हातून काढून सावलीत आणि संध्याकाळी सावलीतून बाहेर, असं करत होते. फुलं तेवढे दिवस टिकायला हवी होती. कोणती साडी नेसायची, यात एक पूर्ण सकाळ गेली. शेवटी मोरपंखी नेसले.

त्या दिवशी तिच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना लुकलुकत्या दिव्यांच्या माळा, माझ्या चार कुंड्या मध्ये पाटावर, बाजूला सुगडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे. सून काळ्या साडीत, गळ्यात हलव्याचा हार, भांबावलेली. नणंद खुर्चीवर, सगळ्यांवर नजर ठेवून. माणसांच्या आणि दिव्यांच्या उबेनं टुलिप उघडत चालले होते. माझं अर्धं लक्ष तिकडेच. पाकळ्या मागे पडायला लागल्या, बश्या झाल्या त्यांच्या. आज संध्याकाळनंतर ही फुलं राहणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी एकदा कुंड्या खिडकीजवळ सरकवायला गेले, तर नणंद म्हणाली, "राहू दे बाई, शोभा जाते."

मी फोटो काढत होते. सुनेचे, सुनेचे आणि सासूचे, बायकांचे तिघी-तिघींचे, टुलिपसोबत, वाणासोबत. "पदर घे जरा. इकडं पाह्य. हं." इतकी वर्षं स्टुडिओत केलेलं काम हाताला आठवत होतं. बरं वाटत होतं मला. खरंच बरं वाटत होतं.

मग हळदीकुंकू सुरू झालं. सुनेच्या हातात तबक दिलं. ती रांगेनं एकेकीला हळद लावत, कुंकू लावत, हातात डबी ठेवत पुढे सरकत होती. मी दाराच्या कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभी. प्रत्येकीच्या कपाळावर बोट टेकलेलं टिपत होते. रांग संपली. सून माझ्यापाशी आली. नवीन पोरगी, तिला कोणी काही सांगितलेलं नसावं. तिनं हळदीत बोट बुडवलं आणि हात वर उचलला.

"तिले राहू दे," स्वयंपाकघराच्या दारातून माझी मैत्रीण म्हणाली. आवाज अगदी गोड होता. "ती फोटो काढून राह्यली ना."

सुनेचा हात खाली आला. नणंदेनं मान हलवली, बरोबर बोलली अशी. सगळ्या बायका एकदम आपापल्या डब्यांची झाकणं उघडून आत पाहू लागल्या. रिकाम्या डब्यांत काय दिसत होतं त्यांना, कोण जाणे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि टुलिपचा एक फोटो काढला. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि कॅमेऱ्यामागे तोंड लपतं. आत मला नुसता लाल धूसर रंग दिसत होता. तेव्हा मला कळलं की बोलावणं आलं होतं ते कॅमेऱ्याला आणि कुंड्यांना. मला लाज वाटली, मोरपंखी साडीची वाटली सगळ्यांत जास्त. मग राग आला. कुंड्या उचलाव्या आणि घरी जावं, असं मनात आलं. पण चार मातीच्या कुंड्या एकदम उचलता येत नाहीत, नाहीतर मी निघालेच होते. आणि दोन-दोन करून न्यायच्या म्हटल्या तर पहिल्या दोन ठेवून परत त्याच खोलीत यावं लागलं असतं.

मी गळ्यातला पट्टा काढला. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तो पट्टा तिच्या गळ्यात घातला.

"धर," मी म्हटलं. "मी फोटो काढून राह्यली म्हून मायं कुंकू राहून जाते ना? मंग आता तू काढ. माया आजचा एक बी फोटो नाई."

"मले कुठी येते वं..."

"डोळ्याले लाव. वरतं बटन हाये. दाब."

आणि मी जाऊन सतरंजीवर, रांगेच्या शेवटी, मांडी घालून बसले. शेजारची बाई किंचित सरकली. जागा करून द्यायला की लांब व्हायला, ते मी पाहिलं नाही. हात मी पदराखाली घेतले.

सून तबक धरून मध्ये उभी. तिनं सासूकडे पाहिलं. लावू की नको, हे तिला सासूच्या चेहऱ्यावरून वाचायचं होतं. आमच्याकडे नवीन सून सगळं चेहऱ्यावरूनच वाचते, तोंडानं विचारत नाही. पण सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा होता. तिनं तो दोन्ही हातांनी डोळ्याला घट्ट लावून धरला होता, मी सांगितलं तसा. काच होती, काळी नळी होती, आणि त्यामागे एक कपाळ. त्यातून त्या पोरीला हो दिसेना की नाही दिसेना.

"अवं वयनी," नणंद खुर्चीवरून म्हणाली. "काय चाल्लं हे? सांग ना पोरीले."

कॅमेरा हलला नाही. ती मला पाहत होती की तोंड लपवत होती, मला कळत नव्हतं. मी त्या काळ्या काचेकडे पाहत होते. एक शब्द बोल, असं मनात म्हणत होते. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी उठून जाईन आणि तुझ्या दाराशी पुन्हा येणार नाही, पण बोल. खोलीत उसाचा तुकडा चघळणाऱ्या एका लेकराचा तेवढा आवाज येत होता.

सून थांबली, थांबली, आणि मग तिनं तिच्यापुरतं ठरवलं. ती माझ्यापुढे वाकली. हलव्याचा हार खुळखुळला. तिनं मला हळद लावली. मग कुंकू. तिचं बोट गार होतं आणि जरा जास्तच दाबलं गेलं. डबी हातात देताना ती हळूच म्हणाली, "तिळगूळ घ्या काकू." मी घेतला. नणंद उठून आतल्या खोलीत गेली, तिच्या मागून दार जोरात लागलं.

कॅमेरा अजून वरच होता. बटण दाबल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला. मग तिनं एक हात सोडला आणि गालावरून, कॅमेऱ्याच्या खालून, पदर फिरवला. पण कॅमेरा खाली घेतला नाही.

"डोळे मिटले तुये," ती म्हणाली. "पुन्हा काढतो. डोळे उघड."

मी उघडायचा प्रयत्न केला. जमेना मला.

"असू दे," मी म्हटलं. "असाच काढ."